आधी फुंकणी, मग आम्ही

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी माझ्या नावाने बोटं मोडायला नको. या गोष्टीत जेवढा गाढवपणा झाला त्यातला अर्ध्याहून जास्त माझा आहे. उरलेला मास्तरांचा. पण मास्तर वयाने मोठे, म्हणून त्यांचा जरा हळू आवाजात सांगेन.

आमचा बँड भाड्याने मिळतो. लग्न, दुकानाचं उद्घाटन, कुणाचा निरोप समारंभ, निवडून आलेल्याची मिरवणूक, जे येईल ते आम्ही वाजवतो. मास्तर क्लॅरिनेटवर, ट्रंपेटवर दोघे सख्खे भाऊ, त्यांना आम्ही थोरला आणि धाकटा म्हणतो. मोठा ड्रम माझा. मला सगळे ढोल्या म्हणतात, ते ड्रममुळे की पोटामुळे हे मी कधी खोलात जाऊन विचारलं नाही. आणि अंगात अडकवून घ्यावा लागतो तो सगळ्यात मोठा पितळी भोंगा वाजवायचा आमचा फुंकणी. तालमीची खोली मावशींच्या लाँड्रीच्या मागे. पुढे वाफ, मागे आम्ही. आमचं ऐकून ऐकून मावशींची इस्त्रीसुद्धा तालात चालते.

आता फुंकणी. अंगाने चुलीच्या फुंकणीसारखाच, सरळ आणि पोकळ. त्याच्या अंगावरचा गणवेश हँगरवर टांगलेला असावा तसा दिसायचा. पण छातीत हवा किती असेल? एकदा त्याने लांब सूर धरला आणि धाकटा मध्येच बाहेर जाऊन, तोंड धुऊन परत आला, तरी सूर चालूच. भोंग्यापेक्षाही त्याचं मोठं काम म्हणजे दुरुस्ती. खिडकीजवळ त्याचं टेबल, त्यावर स्क्रूंचे डबे, तेलाची बाटली, बारीक पेचकस. कुणाचा खटका अडकला, मास्तरांच्या क्लॅरिनेटची गादी गेली, की ते आधी फुंकणीच्या टेबलावर. दुरुस्त झालं की तो डोळे मिटून स्वतः फुंकून बघायचा. हवा कुठून गळते ते त्याला कानाने कळायचं. पटलं की वाद्य ज्याचं त्याच्या हातात, आणि त्याने तिथल्या तिथे तोंडाला लावायचं. पुसायचं नाही. पुसलंस तर माझ्यावर विश्वास नाही असं समजेन, म्हणायचा.

ही पद्धत बावीस वर्षांची. कार्यक्रमाच्या आधी तर काहीही बिघडलेलं नसलं तरी सगळी वाद्यं त्याच्यासमोरून जायची. आधी फुंकणी, मग आम्ही. मास्तर त्याने फुंकून दिल्याशिवाय क्लॅरिनेटला हात लावत नसत. आणि त्याला वासावरून सगळं कळायचं. "थोरल्या, सकाळी सकाळी कच्चा कांदा?" नाहीतर, "धाकट्या, तुला उद्या सर्दी होणार बघ." आणि व्हायची. माझ्या ड्रमला फुंकायची सोय नाही, पण तो अंगठा जिभेला लावून चामड्याच्या कडेवरून फिरवायचा, मग दोऱ्या ताणायचा. अंगठा ओला केल्याशिवाय चामडं बोलत नाही, असं त्याचं म्हणणं.

तर असा हा फुंकणी वर्षभरापूर्वी खोकायला लागला. भोंगा वाजवता वाजवता मध्ये थांबायचा. वहिनींनी ओढून दवाखान्यात नेला, तर न्यूमोनिया. तीन आठवडे आत होता. मी रोज डबा घेऊन जायचो. आमची घरं एका भिंतीला भिंत लावून, त्यामुळे वहिनींचा डबा आणि माझे पाय, असं ठरलेलं होतं.

एका दुपारी तो म्हणाला, "ढोल्या, एक सांगायचंय."

मला वाटलं भाजी आळणी झाली असणार.

"तपासण्या केल्या त्यात एचआयव्ही निघालाय. गोळी चालू केलीय, रोज एक, कायमची. डॉक्टर म्हणतात, नीट घेतलीस तर जगशील, काम करशील, म्हातारा होशील. घरच्या दोघींची, बायकोची आणि लेकीची, तपासणी झाली, त्यांना काही नाही. बँडमध्ये मी स्वतः सांगणार आहे, पण माझ्या वेळेला. तोवर कुणाला बोलू नकोस."

मी विचारलं, "कुठून झालं रे?"

तो म्हणाला, "न्यूमोनिया कुठून झाला, ते विचारलं होतंस का?"

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "माझ्या पोटातून ओठावर यायचं नाही." माझं पोट केवढं आहे ते तुम्हाला माहीतच आहे. तरी तीन दिवसांत ते भरलं.

बायकोला सांगितलं ते मी धरत नाही. बायकोला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. ती पीठ मळता मळता म्हणाली, "गोळी चालू आहे ना? मग झालं. तुम्ही तेवढं तोंडाला कुलूप लावा." पण माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता. बावीस वर्षं, प्रत्येक कार्यक्रम, प्रत्येक वाद्य, आणि प्रत्येकाला याची थुंकी. अरे बापरे! पोरंबाळं आहेत माणसांना. त्यांना सावध करायला नको? आणि माझ्या चामड्यावरचा तो ओला अंगठा? त्या रात्री मी माझे दोन्ही हात साबणाने इतके धुतले की बोटांना सुरकुत्या पडल्या.

चौथ्या दिवशी मी मास्तरांना बाजूला घेतलं. "एक गोष्ट आहे, पण माझ्याकडून कळली असं म्हणू नका," असं म्हणालो आणि सगळं ओकलो. मास्तर नळाकडे गेले आणि मिठाच्या पाण्याने अकरा गुळण्या केल्या, मी मोजल्या. संध्याकाळपर्यंत दोघा भावांना कळलं. थोरला धाकट्याला ओरडला, "तू त्याच्या पुड्यातली बिस्किटं खाल्लीस!" धाकटा म्हणाला, "तू तर त्याचा उष्टा चहा प्यालास!" मग दोघांनी मिळून माझ्याकडे बघितलं, जसं काही बिस्किटं मीच वाटली होती.

आता एक सांगतो. आम्ही कुणी वाईट नाही हो. त्याला काढून टाका असं कुणीही म्हणालं नाही. मास्तर म्हणाले, "तो आपला माणूस आहे, फक्त काळजी घ्यायची." काळजी म्हणजे काय, तर त्याची खुर्ची दाराजवळ हलवली. त्याचा टॉवेल वेगळ्या खिळ्याला. त्याचा चहाचा कप वेगळा, आणि ओळखू यावा म्हणून त्याच्या कानाला लाल दोरा. तो दोरा मी बांधला. गाठ पण घट्ट मारली, सुटू नये म्हणून.

फुंकणी परत आला तो दिवस मला लख्ख आठवतो. वाळून कोळ झाला होता, पण चेहरा हसरा. येताना सगळ्यांसाठी पेढ्याचा नव्हे, साध्या लिमलेटच्या गोळ्यांचा पुडा आणला होता. आम्ही सगळे एकदम गोड. ये ये, बस बस, किती दिवसांनी! पुड्याला कुणी हात लावेना. फुंकणी सवयीने टेबलाजवळ गेला आणि मास्तरांच्या क्लॅरिनेटला हात घातला. मास्तरांनी ते लहान मूल उचलावं तसं उचलून छातीशी धरलं. "राहू दे रे, आजच आलास, दमशील." त्याने थोरल्याच्या ट्रंपेटकडे बघितलं. थोरला म्हणाला, "मस्त चालतंय माझं." धाकट्याने तर आपलं ट्रंपेट पाठीमागे लपवलं.

मग त्याला खुर्ची दिसली. टॉवेल दिसला. शेवटी कप दिसला. त्याने लाल दोऱ्याची गाठ सोडवायचा प्रयत्न केला, ती सुटेना. मग त्याने माझ्याकडे बघितलं. एकदाच. दोऱ्यासकट कप रुमालात गुंडाळला, खिशात घातला आणि म्हणाला, "मास्तर, मी काही दिवस येत नाही."

भोंगा तिथेच भिंतीला टेकून राहिला. मला वाटलं धरणी दुभंगावी. पण धरणी काही माझ्या सोयीने दुभंगत नाही, तिला बाकीची कामं असतात. फुंकणीला भोंगा आणि पेचकस याशिवाय दुसरं काही येत नाही. त्याची बावीस वर्षं त्या खिडकीजवळच्या टेबलावर गेली होती. तो परत येणार की नाही, हे माझ्या एका वाक्यामुळे टांगणीला लागलं, आणि हे मला माझ्या झोपेतही कळत होतं.

मास्तरांची काळजी मात्र अजून संपली नव्हती. ते म्हणाले, "जुनी थुंकी आत असणारच. जंतू उकळल्याशिवाय मरत नाहीत." आता हळू आवाजात सांगतो. लाँड्रीत चादरी उकळायचा मोठा हंडा आहे. मावशी दुपारी घरी गेल्यावर आम्ही त्यात पाणी तापवलं, धुण्याचा सोडा टाकला, वर फिनेल ओतलं. क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून शेंगांसारखे आत सोडले. मग दोन्ही ट्रंपेटं. मास्तर काठीने ढवळत होते. मी म्हणालो, माझा ड्रम? ड्रम हंड्यात मावत नव्हता, म्हणून त्याला फिनेलच्या पाण्याने आंघोळ घातली, दोन्ही बाजूंनी.

अर्ध्या तासाने पाण्यावर गाद्या तरंगायला लागल्या. क्लॅरिनेटच्या भोकांवर बसतात त्या मऊ गाद्या. त्या लाखेने चिकटवलेल्या असतात आणि लाख तापली की विरघळते, हे आम्हाला काय माहीत? ते माहीत असणारा घरी बसला होता. मास्तरांनी त्या चमच्याने काढून वाळवल्या आणि अंदाजाने डिंक लावून परत बसवल्या. ट्रंपेटांचं पॉलिश निघून त्यांना कोड फुटल्यासारखे डाग पडले. पण मास्तर खूश होते. "आता निर्धास्त वाजवा," म्हणाले.

तुम्ही म्हणाल, मग वाजवून बघितलं नाही का? नाही! वाजवून बघायचं काम आमचं कधी नव्हतंच. ते फुंकणीचं. त्याने हातात दिलं की वाद्य चांगलं, एवढंच आम्हाला ठाऊक. आम्ही वाद्यं पेटीत घातली आणि दुसऱ्या दिवशी थेट कार्यक्रमाला गेलो.

कार्यक्रम होता शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंच्या निरोपाचा. पस्तीस वर्षं नोकरी. समोर सगळी शाळा, बाजूला पालक, मध्ये बाई, हातात गुच्छ. अशा वेळी आम्ही एक संथ चाल वाजवतो, ती ऐकून बायका पदर डोळ्याला लावतात. मास्तरांनी मान हलवली आणि पहिला सूर काढला. तो सूर नव्हता. बदकाचा पाय दारात सापडला तर ते जसं ओरडेल तसं काहीतरी होतं. थोरल्याचे तिन्ही खटके खाली गेले ते वर येईनात. धाकट्याच्या ट्रंपेटातून साबणाचा फुगा निघाला. खरंच निघाला, देवाशपथ, आणि तो हळूहळू तरंगत पहिल्या रांगेत गेला. मी म्हटलं आपण तरी सांभाळू, म्हणून ड्रमवर जोरात टोला मारला, तर ओल्या गोधडीवर काठी बसावी तसा भद्द आवाज.

पोरं आडवी पडून हसायला लागली. बाई उठल्या. पस्तीस वर्षांची सवय, ती काय एका दिवसात जाते? कडाडल्या, "कोण आहे तो? इकडे या!"

मास्तर गेले. खाली मान घालून उभे राहिले. साठीचा माणूस.

"सराव केला नव्हता का?"

"नाही बाई."

"का?"

"करून घेणारा आला नाही, बाई."

"का आला नाही तो?"

आम्ही सगळे बुटांकडे बघत होतो. हसणं हळूहळू थांबलं आणि बाई आमच्याकडे एकेकाकडे बघत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "बसा खाली," आणि आम्ही बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरकारी दवाखान्यात गेलो. लाज वाटत होती, पण भीती लाजेपेक्षा एक बोट उंच होती. तिथे तपासणीच्या खोलीत एक सिस्टर बसल्या होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "काका, कशाची भीती वाटते?"

मी म्हणालो, "थुंकीची."

"कुणाची थुंकी? कुठे लागली?"

"ड्रमला."

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. ओला अंगठा, चहा, टॉवेल, एकाच बाकावर बसणं, त्याने खांद्यावर ठेवलेला हात, आणि मध्यंतरी त्याला चावून मला चावलेला एक डास. "तोच डास होता कशावरून?" त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "ओळखीचा वाटला."

त्या हसल्या नाहीत. मी मोठी माणसं बघितली आहेत, पण एवढा संयम नाही बघितला. म्हणाल्या, "हे बघा काका. हा आजार असुरक्षित संबंधातून होतो, रक्तातून, दुसऱ्याची वापरलेली इंजेक्शनची सुई घेतल्याने, आणि उपचार नसतील तर आईकडून बाळाला. थुंकीतून होत नाही. कपातून, टॉवेलमधून, घामातून, हात मिळवल्याने, डास चावल्याने नाही होत. एकाने तोंडाने वाजवलेलं वाद्य दुसऱ्याने तोंडात घातलं तरी नाही होत. त्यातून तुमचा माणूस गोळी घेतोय. नियमित घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीतसुद्धा सापडत नाही."

"तो नियमित घेतोच," मी म्हणालो. "आमचा फुं..."

"नाव नको," सिस्टर एकदम म्हणाल्या. "त्याने तुम्हाला विश्वासाने सांगितलंय ना? मग मलाही सांगू नका."

ही पोरगी मला ओळखत नव्हती, फुंकणीला ओळखत नव्हती, आणि जे मला जमलं नाही ते करत होती. मनाच्या समाधानासाठी तपासणी केली, त्यात काही निघालं नाही. मग त्यांनी माझं वजन केलं, रक्तदाब घेतला आणि चेहरा पहिल्यांदा गंभीर केला. "काका, तुम्हाला धोका आहे, पण तो तुमच्या स्वतःच्या पोटाचा," म्हणाल्या आणि दोन कागद भरून पथ्य लिहून दिलं.

तिथून मी थेट फुंकणीच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं, ये म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. फुंकणी टेबलाशी घरातलं घड्याळ उघडून बसला होता. मी उभ्यानेच सुरू केलं, "मला सगळं कळलं! थुंकीतून होत नाही! डासातून पण नाही!"

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी. तू विचारलं असतंस तर तुलाही सांगितलं असतं."

"चुकलं माझं," मी म्हणालो. "फार चुकलं."

त्याने घड्याळाचा एक स्क्रू काढून नीट बशीत ठेवला. "ढोल्या, तुम्ही सगळे माझ्या तोंडाला घाबरलात. मला मात्र तुझ्या तोंडाची भीती वाटायला हवी होती. ती नाही वाटली, ही माझी चूक."

मला रडू आलं. एवढा मोठा माणूस, भिंतीला टेकून रडलो. वहिनींनी पाण्याचा पेला पुढे केला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मी जायला निघालो, तेव्हा जाता जाता क्लॅरिनेट उकळल्याचं सांगितलं. फुंकणी ताडकन उठला. "उकळलं? लाकडी क्लॅरिनेट?" एचआयव्ही सांगताना त्याचा चेहरा इतका पडला नव्हता. "वाद्यांनी काय घोडं मारलं होतं तुमचं? आण ती इकडे. आजच्या आज. पण मी तिकडे येणार नाही."

मी सगळी वाद्यं हातगाडीवर घालून त्याच्याकडे नेऊन टाकली. आठ दिवस त्याने काम केलं. भिंतीपलीकडून मला कानशीचा आवाज यायचा, पण फुंकल्याचा आवाज एकदाही आला नाही. नवव्या दिवशी निरोप आला, घेऊन जा. मी गाडी ढकलत तालमीच्या खोलीत आणली. प्रत्येक वाद्याला जाड कागदाची चिठ्ठी बांधलेली, सुवाच्य अक्षरात. "दुरुस्त केलं. फुंकलेलं नाही." तिन्हींवर तेच. माझ्या ड्रमवर होतं, "ताणला. हात धुऊन."

मास्तरांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, परत घातला आणि परत वाचली. थोरला म्हणाला, "वाजवून बघू या का?" मास्तर त्याच्यावर असे ओरडले की मावशी इस्त्री हातात घेऊन मागे आल्या. "बावीस वर्षांत मी न फुंकलेलं वाजवलं नाही, आणि आता पण वाजवणार नाही!"

मावशींना तोवर हंड्याचंही कळलं होतं, चादरींना फिनेलचा वास येत होता ना. त्या म्हणाल्या, "त्या भल्या माणसाचा कप वेगळा ठेवलात? आणि वाद्यं उकळायला हंडा मात्र माझाच का? लाज नाही वाटत?" अजून बरंच बोलल्या, ते मी इथे लिहीत नाही.

मास्तरांनी टोपी घातली, क्लॅरिनेट काखेत मारलं आणि चालू लागले. मागोमाग आम्ही. मी भोंगा गाडीवर घेतला. मावशी दुकान उघडं टाकून आल्या. रस्त्यातले लोक विचारत होते, लग्न कुणाचं? धाकटा सांगत होता, लग्न नाही, माफी मागायला चाललोय. त्यावर दोन-चार रिकामटेकडे बघायला म्हणून मागे लागले.

फुंकणीच्या दारात मास्तरांनी टोपी काढली. "मी मूर्ख आहे," ते म्हणाले. "तुला दाराजवळ बसवलं. माझं मलाच तोंड दाखवायला लाज वाटते. हे फुंकून दे."

फुंकणीने दाराच्या कडीला हात घातला. आम्हाला वाटलं, दार लावून घेणार. लावलं असतं तरी कुणाची हरकत नव्हती.

मग म्हणाला, "पुसणार नाही ना?"

"नाही."

तो तिथेच पायरीवर बसला. क्लॅरिनेटच्या तोंडाशी असते ती पातळ पट्टी जिभेने ओली केली, डोळे मिटले आणि फुंकलं. मध्येच थांबून पेचकस मागितला, एक स्क्रू जरा पिळला, परत फुंकलं. तो सूर गल्लीच्या टोकापर्यंत सरळ गेला. त्याने क्लॅरिनेट मास्तरांच्या हातात दिलं आणि मास्तरांनी ते तिथल्या तिथे तोंडात घातलं. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते वाजवत होते. मग थोरला पुढे झाला, म्हणाला, "आज कांदा खाल्लाय, आधीच सांगतो." मग धाकटा.

मग फुंकणीने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे फुंकायला काही नव्हतं. मनात म्हटलं, सुटलो. कसला सुटतोय! त्याने गाडीवरचा भोंगा उतरवला, अंगात अडकवला, एक लांब सूर लावला आणि तो काढून सरळ माझ्या डोक्यातून खाली घातला. पोटावर येऊन अडकला.

"फुंक," म्हणाला.

खोटं कशाला बोलू? सिस्टरांनी सांगितलेलं सगळं पाठ होतं, तरी त्या ओल्या पितळेकडे बघून माझा हात आपोआप खिशातल्या रुमालाकडे गेला. डोक्याला कळलेलं पोटात उतरायला वेळ लागतो, आणि माझ्याकडे अंतर जास्त. पण सगळे बघत होते आणि तोही बघत होता. मी तोंड लावलं आणि जीव खाऊन फुंकलं. काही नाही. नुसती हवा.

"ओठ मिटून फुंकायचं असतं," फुंकणी म्हणाला. "जमेल का तुला?"

सगळी गल्ली हसली. वहिनी दाराआडून हसल्या, मी ऐकलं. मी ओठ मिटले, परत फुंकलं, आणि म्हैस रेकावी तसा एक आवाज निघाला. मावशींनी टाळ्या वाजवल्या.

तर फुंकणी परत आला. टेबल खिडकीजवळ गेलं, कप घरून आणला तो बाकीच्या कपांत मिसळून गेला. गोळी तो आता सगळ्यांसमोर घेतो, आणि मास्तर त्याला घड्याळ बघून आठवण करतात. दुनियेच्या दृष्टीने सगळं पूर्ववत झालं.

फक्त माझ्याशी तो कामापुरतं बोलायचा. पेचकस दे. ड्रम आण. दोरी धर. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं ते मला मास्तरांकडून कळलं, मधली भिंत एक असून. मी तक्रार केली नाही. कुठल्या तोंडाने करणार? मी रोज जायचो, दोरी धरायचो, आणि गप्प बसायला शिकत होतो. या वयात ते फार अवघड जातं, विचारा माझ्या बायकोला.

असं जवळजवळ वर्ष गेलं. परवा एका दुकानाच्या उद्घाटनाला पाहुणे उशिरा येणार होते. बाकीचे चहाला गेले आणि आम्ही दोघेच बाकावर उरलो. तो चामड्यावरून ओला अंगठा फिरवत होता. फिरवता फिरवता थांबला. म्हणाला, "ढोल्या, एक गोष्ट आहे मनात. कुणाला बोललो नाही अजून."

आणि बोलला. दहा-पंधरा मिनिटं बोलला. मी मध्ये एक शब्द काढला नाही.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, एवढे गप्प का, पोट बिघडलंय का, काय म्हणाले शेजारचे भावजी आज? मी म्हणालो, काही नाही. तुम्हालाही तेच सांगतो.